फडताळाची किल्ली आणि मौर्यांचं राज्य

१२ जानेवारी १९६४, रविवार. देरा, दुबई

ऑफिसात नव्या वर्षाची डायरी मिळाली. साहेबाने ती बोटींच्या तारखा टिपायला दिली आहे, पण बोटी काही माझ्या टिपण्यावाचून अडून राहत नाहीत. तेव्हा ही डायरी मी माझ्यासाठी ठेवतो.

आधी राजाची ओळख. अजीज परकार, वय एकतीस, दाभोळच्या खाडीकाठचा. दिवसा शिपिंग ऑफिसात कारकून, संध्याकाळी आमच्या गावच्या खोलीचा कारभारी. खोली म्हणायची आपली सवय, आहे ते अंगणासकट अख्खं घर. गावच्या जमातीने, म्हणजे आमच्या गावकीने, ते भाड्याने घेतलंय आणि आम्ही गावचे अकरा जण त्यात राहतो. गावचा कोणीही लाँचमधून उतरला की पहिला इथे येतो आणि नोकरी लागेपर्यंत आमच्यात जेवतो. तांदूळ, साखर, तूप, आमसुलं, सुके बोंबील असं सगळं एका फडताळात असतं. त्याला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली कारभाऱ्याकडे, एका बकरी ईदपासून दुसऱ्या बकरी ईदपर्यंत.

या किल्लीचे दोन कायदे आहेत. ती ज्याच्याकडे असेल त्याने वतनाच्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. आणि ती कोणी आपण होऊन परत करायची नाही. तसं करणं म्हणजे जमातीच्या तोंडावर फेकणं.

आता माझी अडचण. इथल्या आपल्या मुलांच्या शाळेला सप्टेंबरपासून इतिहासाचा मास्तर हवाय. शाळेच्या कमिटीने मला शब्द दिलाय: बी.ए. व्हा, जागा तुमची. जागेबरोबर दोन खोल्या आहेत. म्हणजे माझी बायको बानू आणि आमची पोरगी साजिदा इकडे येऊ शकतात. परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला. बकरी ईद एप्रिलच्या शेवटी. किल्ली माझ्याकडे. खलास.

म्हणून मी ठरवलंय की परीक्षा पुढच्या वर्षी. याआधी दोनदा इतिहासाच्याच पेपरात गेलो, म्हणून अजीज घाबरला असं कोणी म्हणेल. तसं काही नाही. जबाबदारी म्हणून एक चीज असते. अभ्यास मात्र चालू ठेवणार आहे. दोन्ही वेळा ज्याने माझा गळा धरला तो प्रश्नच आधी घेतलाय: मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची राजकीय व लष्करी कारणे.

१७ जानेवारी, शुक्रवार

रमजानचा पहिला शुक्रवार. रोजा सोडून सगळे अंगणात पसरले होते. बदरुद्दीनचाचा म्हणाले, "अजीज, काय वाचतोस ते मोठ्याने वाच. आम्हालाही टाइमपास." चाचा पूर्वी लाँचवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. आता मरियमचाचीबरोबर शेजारच्या गल्लीत राहतात. आमच्या गावचं इथलं एकुलतं एक बिऱ्हाड ते. जमातीत त्यांचा शब्द शेवटचा.

मी वाचलं. पहिलं कारण असं की सगळ्या साम्राज्याचे दोर एका राजाच्या हातात होते. चंद्रगुप्त आणि अशोक होते तोवर ठीक चाललं. पुढचे राजे कच्चे निघाले आणि दोर सैल पडले.

चाचांनी विचारलं, "राजाने थोडे दोर दुसऱ्याच्या हातात का नाही दिले?"

"दुसरा तसा लायक पाहिजे ना, चाचा."

"बरोबर आहे," चाचा म्हणाले आणि कमरुद्दीनकडे बघून त्यांनी दाढी खाजवली.

कमरुद्दीन माझा उजवा हात. बाजारहाट तो करतो, कोणी दुसऱ्यांदा तूप मागितलं तर डोळे वटारायचं कामही त्याचंच. हिशेबाला चोख, हसायला महाग. त्याच्या जिवावर मी अशोकासारखा दयाळू राहू शकतो. या महिन्यात मी कोणाला रागावलेलो नाही. फक्त नियम लिहून दारावर चिकटवलेत. रफिक त्यांना शिलालेख म्हणतो.

२८ जानेवारी, मंगळवार

साखरेचा डबा चांगला वीतभर खाली गेलाय. कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या उशाखाली. मग साखर जाते कुठे?

मौर्यांकडे हेरांचं खातं होतं. मी रफिकला हेर नेमलं. तो माझ्या शेजारच्या गादीवर झोपतो, कस्टमच्या धक्क्यावर माल मोजणारा टॅली क्लार्क आहे, आणि दुबईत असं कोणी नाही ज्याच्याशी तो पाच मिनिटं बोलला नसेल. चौकशी करून संध्याकाळी त्याने रिपोर्ट दिला: "अजीजभाई, मुंग्या नेतात. इकडच्या मुंग्या आपल्यासारख्या नाहीत, हबीबी. ऊंट जैसी मुंग्या."

फडताळाच्या पुढ्यात राख टाकली. मुंगी एकही दिसली नाही, पण राखेत एक पाऊल उमटलंय, साधारण आठ नंबरचं. खोलीत आठ नंबरवाले पाच जण आहेत, त्यात हेरही आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साम्राज्य फुटलं.

पुस्तकात अगदी असंच आहे: अशोकानंतर राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले असावेत. आमच्यातले चौघे खाडीपलीकडे बर दुबईला कामाला जातात. त्यांनी आज निरोप धाडला की यापुढे ते तिकडेच राहणार, तिकडेच रांधणार. रोजा सोडला आणि तसाच अब्रा, म्हणजे खाडीतली होडी, पकडून पलीकडे गेलो.

चौघे चुलीभोवती बसले होते. झिंग्यांचं कालवण रटरटत होतं आणि वास असा सुटला होता की सम्राटाचा तोल जावा. त्यांच्यातला थोरला उभा राहून, पाठ केल्यासारखं म्हणाला, "आमचं वैर राजाशी नाही. राजाचे दुष्ट अधिकारी आमचा अपमान करतात, त्यांच्याशी आहे."

मी गार झालो. तक्षशिलेच्या प्रजेने बंड केलं तेव्हा ती हेच म्हणाली अशी कथा आहे, आणि ते पान मी गेल्या शुक्रवारी मोठ्याने वाचलं होतं. इतिहासाची पुनरावृत्ती होते म्हणतात, पण ती आठवड्याच्या आत होईल हे ठाऊक नव्हतं.

"म्हणजे कमरुद्दीन?" मी विचारलं.

"ते जाऊ दे. आता तिकडे तुम्ही सातच उरलात ना? सात माणसं म्हणजे काय, कोणीही सांभाळेल. कमरुद्दीनसुद्धा सांभाळेल. तुम्हाला फुरसतच फुरसत."

मी समजावलं की उलट अशा वेळीच राजाने जास्त लक्ष घालायचं असतं. आता तर जागेवरून हलायची सोय राहिली नाही. हे ऐकून चौघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने कपाळाला हात लावला. त्यांना माझ्या निष्ठेचं वाईट वाटलं असणार. कालवण मात्र पोटभर वाढलं.

परतताना अब्रात बसून वाटलं, परीक्षा यंदा देणार असतो तर हा प्रश्न असा लिहिला असता की तपासणारा उठून उभा राहिला असता. मग वाटलं, गेल्या वेळीही असंच वाटलं होतं. उतरताना अब्रावाल्याला भाडं दोनदा दिलं. झिंगे जास्त झाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ईद. नमाजानंतर सगळे चाचांकडे. फुटीर चौघेही आले, गळाभेटी झाल्या आणि खुशाल परत आपल्या राज्यात गेले. मरियमचाचीने शिरखुर्मा वाढला, मग दोरी घेऊन माझ्या गळ्याचं माप घेऊ लागली.

"फाशी कधी, चाची?" रफिकने विचारलं.

"गप बस. शर्ट शिवतेय त्याच्यासाठी. पांढरा." ईद उजाडल्यावर शर्ट शिवायला घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मग तिने विचारलं, "साजिदा केवढी झाली रे?"

सहा वर्षांची, मी सांगितलं. मी इकडे आलो तेव्हा ती रांगत होती. मध्ये एकदा गेलो तर चार दिवस बानूच्या पदराआडून बघत राहिली आणि पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर बसली. सहाव्या दिवशी मी निघालो. आता तिला माझा चेहरा फोटोवरूनच ठाऊक. ईदच्या दिवशी माणसाने असलं बोलू नये.

"मग बोलावून घे दोघींना."

"इन्शाल्ला, पुढच्या वर्षी परीक्षा दिली की."

"ती मास्तराची जागा तुझ्यासाठी वर्षभर रिकामी ठेवणार आहेत का?"

"चाची, माझ्याकडे किल्ली आहे."

चाचीने दोरी गुंडाळली. तिने चाचांकडे बघितलं, चाचांनी कमरुद्दीनकडे, आणि कमरुद्दीनने आपल्या वाटीत.

परवा आणखी एक गंमत झाली. साहेब माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "गुड लक, परकार. वी विल मॅनेज." ईदच्या शुभेच्छा इंग्रजीत अशा देत असतील. मी "सेम टू यू, सर" म्हणून मोकळा झालो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज थोडं गंभीर लिहायचंय.

काल आमच्याच ऑफिसात, पॅसेंजर बुकिंगच्या टेबलापाशी कमरुद्दीन उभा दिसला. मला बघताच खांबामागे सरकला. कमरुद्दीनसारखा आडव्या बांध्याचा माणूस खांबामागे लपत नाही, दोन्हीकडून दिसतो. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "सहज." कमरुद्दीनने आयुष्यात एकही गोष्ट सहज केलेली नाही.

त्यात अंगणातल्या कुजबुजी. मी आलो की सगळे हवापाण्यावर बोलायला लागतात. दुबईच्या हवेत बोलण्यासारखं आहे काय?

पुस्तक उघडलं. शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ. त्याचा सेनापती पुष्यमित्र याने राजाला सैन्य बघायला बोलावलं आणि सैन्यासमोरच त्याला ठार केलं. राजाच्या बाजूने एकही सैनिक हलला नाही. हे शेवटचं राजकीय कारण, आणि लष्करीसुद्धा. मंगळवारी मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. कमरुद्दीनने तेव्हा, जन्मात पहिल्यांदा, प्रश्न विचारला होता: "राजाला संशय आला नाही?"

माझा अंदाज असा. कमरुद्दीनला कारभारी व्हायचंय आणि तो गावाहून आपल्या बाजूची माणसं मागवतोय. ज्याला मी भावासारखं वागवलं, त्याने हे करावं? राग नाही आला, वाईट वाटलं. किल्ली उशाखालून काढली आणि पायजम्याच्या नाडीला बांधली.

६ मार्च, शुक्रवार

जे झालं ते झालं तसंच लिहितो.

जुम्म्याची नमाज पढून आलो तर अंगणात सगळे ओळीत उभे. पलीकडचे चौघेही. चाचा खुर्चीवर, चाची दारात. रफिकच्या डोक्यावर पातेलं, हातात झारा. कमरुद्दीन पुढे आला आणि म्हणाला, "कारभारी, यल्ला, चला. सैन्य बघून घ्या."

मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. पण दहा माणसं आपल्यासाठी ताठ उभी राहिली की पाय आपोआप चालायला लागतात. बृहद्रथाचंही असंच झालं असेल. मी ओळीवरून फिरलो, एकाची कॉलर सरळ केली, रफिकचं पातेलं नीट बसवलं. टोकाला पोचलो तेव्हा कमरुद्दीन आडवा आला आणि त्याने हात पसरला.

"किल्ली."

"बकरी ईदला मिळेल."

"जमात आज मागतेय. जे राजी असतील त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी केले. रफिकने झाऱ्यासकट. ज्याला मी हेर नेमलं होतं, त्याने. दारातल्या चाचीनेही केला, आणि बायकांना मत नसतं हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही.

भर सैन्यासमोर नाडीची गाठ सोडून किल्ली काढणं यापेक्षा बृहद्रथाचा शेवट इज्जतीचा होता. मी किल्ली दिली आणि सरळ खाडीवर जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं. मी वर्षभर या लोकांना ताजं तूप खाऊ घातलं होतं.

थोड्या वेळाने बदरुद्दीनचाचा आले आणि गुडघे धरून शेजारी बसले.

"अजीज, आपण होऊन किल्ली सोडली असतीस का?"

"नाही. कायदाच आहे."

"म्हणून काढून घेतली. आता तुला बोटीवर चढायला कोणी अडवत नाही. मंगळवारची बोट आहे. कमरुद्दीनने डेकची जागा बुक केलीय, तुझ्या साहेबाशी रजेचं बोललाय. एवढ्यासाठी त्याने इंग्रजी पाठ केलं, सात दिवस."

"मग पलीकडचे चौघे, अब्रा, झिंगे, तक्षशिला?" मी विचारलं.

"तुझंच पुस्तक. आम्हाला वाटलं, तुझं काम हलकं झालं तर तूच जायचं बोलशील. तू काही हलला नाहीस. मग रफिक म्हणाला, शेवटचं कारण करून बघू."

मग जे डायरीतही लिहिलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "चाचा, किल्लीचं काही नाही. मला भीती वाटते. तिसऱ्यांदा नापास झालो तर बानूला काय तोंड दाखवू?"

"झालास तर झालास. परत ये, किल्ली तुझी. कमरुद्दीनला तूप वाढायला जमणार नाहीच."

मी हसलो आणि रडलो, दोन्ही एकदम. खाडीवरचे अब्रावाले बघत होते. बघू देत.

१० मार्च, मंगळवार. बोटीवर

बोट लांब समुद्रात उभी होती, लाँचने तिथवर आणलं. पोचवायला सगळं सैन्य आलं होतं. चाचीने पांढरा शर्ट दिला, परीक्षेला घालायचा. रफिकने पुडीभर साखर दिली, तोंड गोड करायला. आमच्या डब्यातलीच दिसते. कमरुद्दीनने हात मिळवला आणि मी किल्ली मागेन की काय अशा धास्तीने दुसरा हात नाडीवर ठेवला.

७ एप्रिल, मंगळवार. मुंबई

प्रश्न आला.

पेपर हातात पडला तेव्हा अक्षरं पोहत होती, मग एकेक करून जागेवर बसली. लिहिताना पुस्तक आठवावं लागलं नाही. पूर्व-पश्चिम फूट म्हटलं की खाडी दिसत होती, दुष्ट अमात्य म्हटलं की कमरुद्दीनचे वटारलेले डोळे. सगळे दोर एका हातात ठेवल्याने काय होतं यावर मी दोन पानं लिहिली. या विषयावर माझ्याइतका अधिकार मुंबईत कोणाचा नसेल. शेवटी एक वाक्य पुस्तकाबाहेरचं घातलं: सैन्य राजाच्या विरुद्ध उभं राहिलं म्हणजे त्याचं राजावर प्रेम नव्हतं असं दरवेळी समजू नये. तपासणारा खोडेल. खोडू दे.

उद्या गावी जातो. साजिदा या वेळी किती दिवस पदराआड राहते बघायचं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार. देरा, दुबई

दुसऱ्या वर्गाला थोडे मार्क कमी पडले, पण पास. जूनमध्ये निकाल कळला तेव्हा बानू विहिरीवर होती. मी ओरडलो ते पलीकडच्या वाडीत ऐकू गेलं म्हणतात. काल आम्ही तिघं इथे उतरलो. शाळेच्या खोल्यांना अजून रंग चाललाय म्हणून आज दुपारचं जेवण आमच्या गावच्या खोलीत होतं.

उकाडा असा की भिंतींनाही घाम. पलीकडचे चौघे राज्यात परत आलेत, तरी कमरुद्दीन बकरी ईदला रीतसर निवडून आलाय. शिलालेखांची संख्या त्याने दुप्पट केलीय. बानू आणि चाची स्वयंपाकघरात होत्या, कमरुद्दीन त्यांच्यावर तुपासाठी नजर ठेवून होता, आम्ही बाकीचे आत सावलीला बसलो होतो. साजिदा आता माझा हात सोडत नाही, पण तेवढ्यापुरता सोडून ती फडताळाकडे गेली, कुलूप बघितलं आणि दाराचा खालचा कोपरा धरून ओढला. कोयंडा खिळ्यांसकट भिंतीतून अलगद बाहेर आला, दार उघडलं, कुलूप त्यावर लटकत राहिलं. तिने साखरेत बोट बुडवून तोंडात घातलं.

मी सगळ्यांकडे बघितलं. कोणालाच नवल वाटलेलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मी आलो तेव्हापासून," रफिक हळूच म्हणाला. "माझ्या आधीपासून असेल. फक्त राजाला आणि अमात्याला माहीत नव्हतं."

म्हणजे वर्षभर मी ते दार राखलं, या किल्लीपायी बानूला आणि पोरीला आणखी एक वर्ष लांब ठेवायला निघालो, आणि हे दार एका लहान मुलीच्या हाताने उघडत होतं. रागावावं की काय याचा विचार करत होतो, तेवढ्यात कमरुद्दीनच्या चपला वाजल्या. किल्ली आता त्याच्या गळ्यात असते.

मी उठलो, साजिदाचं तोंड माझ्या रुमालाने पुसलं, दार लोटलं आणि कोयंडा अंगठ्याने दाबून परत भिंतीत बसवला.

कमरुद्दीन दारात उभा राहिला. त्याने फडताळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणी हात लावला काय?"

"कोण लावणार," मी म्हणालो. "कुलूप आहे ना."

त्याने जवळ येऊन कुलूप ओढून बघितलं, समाधानाने मान हलवली आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं.